शिंगट्याच्या पोटातली गाभोळी आणि गटाचं जाळं



मे महिन्यात शिंगटा चिरला की पोटातून पिवळसर दाण्यांनी गच्च भरलेल्या दोन पिशव्या निघतात. हीच गाभोळी. थंडीत त्याच माशात या पिशव्या बारीक, फिकट दोरीसारख्या असतात, लक्षातही येत नाहीत. उजनीच्या काठावर मासे साफ करणाऱ्या तुम्हाला हे ठाऊकच आहे. मी समाजकार्य शिकून आलेली. मला ते एका मावशींनी विळीवर दाखवलं तेव्हा कळलं. माशांचा अभ्यास करणारेही हेच करतात बरं का. दर महिन्याला मासे चिरून त्या पिशव्यांचं वजन घेतात आणि त्यावरून विणीचा हंगाम ओळखतात.

आता रोहू बघा. त्याला अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं. धरणाच्या साचलेल्या पाण्यात ते सहसा जमत नाही, म्हणून दरवर्षी बोटुकली सोडावी लागते. किलोभराची रोहू मादी दोनेक लाख अंडी देते आणि निघून जाते. जगतील ती जगतील!

शिंगट्याचं तसं नाही. त्याला पूर नको. उन्हाळा सरताना, पावसाच्या तोंडावर तो काठाजवळच्या उथळ पाण्यात, मऊ गाळात पसरट खड्डा करतो. हे त्याचं घरटं. मादी त्यात अंडी घालते आणि नर तिथेच राखण करत थांबतो. पिल्लं बाहेर आली तरी लगेच सोडून जात नाही. म्हणजे घरट्यावरचा एक नर जाळ्यात आला की मागे राहिलेली सगळी पिल्लं उघडी पडतात, बाकीचे मासे ती खाऊन टाकतात. शिंगट्याचं बी सहसा कुणी सोडत नाही. धरणात जो आहे तो असाच टिकलेला आहे.

त्यात उजनीचं पाणी. ऐन विणीच्या दिवसांत साठा ‘उणे’ टक्क्यांत जातो, काठ मागे सरकतो आणि उथळातले खड्डे कोरडे पडू शकतात. ते काही आपल्या हातात नाही. जाळं मात्र आहे.

इथे माझी चूक सांगते. मागच्या वर्षी एका गटाने अंतर्गत कर्जातून जाळं घ्यायचा ठराव केला. हप्ता, व्याज, परतफेड सगळं मी तपासलं. जाळ्याची भोकं केवढी, हे विचारायचं मला सुचलंच नाही. जाळं निघालं वडापासारखं बारीक. पाटीत बोटभर शिंगटे आले, त्यांना भाव काय मिळणार? वाढू दिले असते तर एकेक मासा किलोच्या पुढे गेला असता. हप्ते मात्र दर महिन्याला भरावेच लागले.

गाभोळीच्या माशाला भाव चांगला येतो, आणि जूनमध्ये वह्यापुस्तकं, बियाणं सगळं एकदम येतं, हे मी बघते. त्यामुळे मासे धरूच नका असं म्हणणार नाही. पण त्या दोन महिन्यांत उथळ काठाने, गाळात खड्डे दिसतात तिथून जाळं ओढू नका, असं घरच्यांना सांगा. जाळ्यासाठी कर्जाचा अर्ज आला तर ठरावात भोकाचं मापही लिहून घ्या.

आणि एक काम. भरलेल्या पिशव्या कोणत्या आठवड्यात जास्त निघतात, ते बचतीच्या वहीच्या शेवटच्या पानावर टिपत जा. जुलैच्या फेरीत मी ते पान बघायला येणार आहे.