विश्लेषण : चिखल, फळ्या आणि खांद्यावर सायकल… हौशी सायक्लो-क्रॉस क्लबांच्या जिवावर कसे चालते?

सायकल ही बसून चालवायची गोष्ट, हा समज युरोपातील हिवाळी मैदानांवर पहिल्या पाच मिनिटांतच मोडतो. पाऊस, गुडघाभर चिखल, वाटेत आडव्या फळ्या आणि सायकल खांद्यावर टाकून चढण चढणारी माणसे, असे या खेळाचे रूप. माथ्यू व्हान डर पूल, वाऊट व्हान आर्ट, टॉम पिडकॉक हे आजचे मोठे सायकलपटू याच चिखलातून आले. मात्र सायक्लो-क्रॉसचा खरा पसारा विश्वविजेत्यांचा नाही. तो ब्रिटन, बेल्जियम, अमेरिकेत दर रविवारी नोकरी-संसार सांभाळून धावणाऱ्या हौशी मंडळींचा आणि त्यांच्या क्लबांचा आहे.

सायक्लो-क्रॉस म्हणजे नेमके काय?

बागेत, माळावर किंवा जंगलाच्या कडेने फिती बांधून आखलेला छोटा मार्ग आणि त्यावर पुन:पुन्हा मारायच्या फेऱ्या. जागतिक संघटना ‘यूसीआय’च्या नियमांनुसार एक फेरी अडीच ते साडेतीन किलोमीटरची असते आणि मार्ग कुठेही तीन मीटरपेक्षा अरुंद नसावा लागतो. गवत, चिखल, वाळू, उतार, पायऱ्या असे सगळे त्यात येते. शिवाय ४० सेंटीमीटर उंचीच्या दोन फळ्या चार मीटर अंतराने मुद्दाम आडव्या लावलेल्या असतात. कसलेले खेळाडू त्यावरून सायकलसह उडी मारतात. बाकीचे वेगात असतानाच उजवा पाय मागून डावीकडे आणतात, खाली उतरतात, सायकल उचलून फळ्या ओलांडतात आणि धावता धावता पुन्हा खोगिरावर बसतात. नवख्याचे पहिले काही रविवार हे उतरणे-चढणे शिकण्यातच जातात.

सायकल दिसायला रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलीसारखीच असते, तसेच वाकडे हँडल. टायर मात्र खाचांचे आणि थोडे रुंद. ‘यूसीआय’च्या शर्यतीत ते ३३ मिलीमीटरपेक्षा जाड चालत नाहीत, स्थानिक शर्यतींत बहुधा कुणी मोजत बसत नाही. हवा इतकी कमी ठेवतात की अंगठ्याने दाबल्यावर टायर सहज आत जातो. टायरमध्ये किती हवा ठेवली, हा शर्यतीआधीच्या गप्पांचा हमखास विषय. त्यावर प्रत्येकाचे ठाम मत असते आणि ते दर आठवड्याला बदलते.

ही कल्पना आली कुठून?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये. दानिएल गुसो या फ्रेंच सैनिकाच्या पुढाकाराने १९०२ मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, असे मानले जाते. १९१० ची टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ऑक्ताव्ह लापीझने आपल्या तयारीचे श्रेय हिवाळ्यातील या सरावाला दिले आणि खेळाला मान मिळाला. पहिली जागतिक स्पर्धा १९५० मध्ये पॅरिसला झाली. महिलांना त्यासाठी २००० सालापर्यंत थांबावे लागले. आज या खेळाची राजधानी बेल्जियमचा फ्लँडर्स प्रांत. तिथे १ नोव्हेंबरला कोप्पेनबर्गच्या चढणीवर होणारी शर्यत म्हणजे जत्राच असते.

शेवटचा खेळाडू किती वेळ मागे राहतो?

फारसा नाही, आणि हौशी माणसाला हा खेळ परवडतो तो यामुळेच. शर्यत अंतराची नसून वेळेची असते. वरिष्ठ पुरुषांची साधारण एक तास, इतर गटांची त्याहून कमी. पहिल्या एक-दोन फेऱ्यांना लागलेल्या वेळेवरून पंच एकूण फेऱ्या ठरवतात, शेवटच्या फेरीला घंटा वाजते. पहिला खेळाडू रेषा ओलांडतो तेव्हा त्याच्या नऊ फेऱ्या झालेल्या असतात. ज्याच्या सहाच झाल्या, त्याचीही शर्यत पुढच्या वेळी रेषेवर आला की संपते. निकालात त्याच्या नावापुढे ‘उणे तीन फेऱ्या’ असे छापून येते, एवढेच.

जागतिक पातळीवर हा उदारपणा नाही. तिथे आघाडीवीराच्या तुलनेत फार मागे पडलेल्याला पंच बाहेर काढतात. स्थानिक लीगमध्ये मात्र मागचा खेळाडू शेवटपर्यंत मार्गावर राहतो. आघाडीवीर मागून येऊन ओलांडतो, तेव्हा किंचित बाजूला व्हायचे आणि पुन्हा आपल्या भांडणाला लागायचे. हे भांडण बहुतेक वेळा आपल्याच वेगाच्या दोघा-तिघांशी असते आणि त्यातला एक आपल्याच क्लबची जर्सी घातलेला असतो. बक्षीस पहिल्या दहांत संपते, पण त्रेचाळिसाव्या जागेसाठी शेवटच्या वळणावर होणारी धडपड पाहिली तर तसे वाटणार नाही.

मग क्लबमधील सहकाऱ्याचा उपयोग काय?

रस्त्यावरच्या शर्यतीत सहकारी वारा अडवतो, त्याच्या आडोशाने मागच्याची शक्ती वाचते. तिथे सायकली ताशी ४० किलोमीटरने धावतात आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चिखलात वेग १५-२० किलोमीटरवर आला की हा विरोध चौथाईवर किंवा त्याहूनही खाली येतो. आडोसा जवळजवळ निरुपयोगी ठरतो. उलट पुढच्याच्या चाकाला चिकटून राहिलात, तर तो घसरला की तुम्हीही पडलात. म्हणजे शर्यत सुरू असताना प्रत्येक जण एकटाच. असे असूनही एकट्याने हा खेळ खेळणे कठीणच, कारण क्लब लागतो तो मार्गाच्या बाहेर.

पहिली जागा पिट. सायकल बदलण्यासाठी आखून दिलेली ही पट्टी बहुधा अशा ठिकाणी असते की एका फेरीत मार्ग तिच्याजवळून दोनदा जातो. सायकल बदलायची तर इथेच, इतरत्र नाही. पिट ओलांडून पुढे गेल्यावर साखळी तुटली, तर मागे फिरता येत नाही. सायकल खांद्यावर घेऊन पुढच्या पिटपर्यंत पळत जायचे. ओल्या दिवशी अर्ध्या फेरीतच चाकाभोवती, गिअरच्या दातांत चिखल-गवताचा लगदा बसतो आणि सायकल काही किलोंनी जड होते. मग खेळाडू पिटमध्ये शिरतो, मळकी सायकल सोडतो आणि सहकाऱ्याने धरलेली स्वच्छ सायकल घेऊन निघतो. आठ मिनिटांची फेरी असेल, तर पुन्हा येईपर्यंत चारच मिनिटे. तेवढ्यात सहकाऱ्याने प्रेशर वॉशरच्या रांगेत उभे राहायचे, सायकल धुवायची, साखळीवर तेलाचे दोन थेंब टाकायचे, योग्य गिअर लावायचा आणि जागेवर हजर व्हायचे. त्याच्या हाताला नऊ अंशांच्या थंडीत गार पाण्याचे तुषार लागत असतात आणि निकालाच्या कागदावर त्याचे नाव नसते.

दोन सायकली परवडणारे हौशी खेळाडू थोडेच. म्हणून क्लबमध्ये जुगाड चालतो. सारख्या उंचीच्या दोघांनी पॅडलही एकाच पद्धतीचे घ्यायचे, म्हणजे बुटाचा खटका बसतो आणि एकाची सायकल दुसऱ्याला अडीअडचणीला देता येते. सकाळच्या गटात धावलेल्याने दुपारच्या गटातल्याचा पिट सांभाळायचा. आई महिलांच्या शर्यतीत असताना तिची मुले सांभाळणारे आणि तीच मुले बारा वर्षांखालच्या शर्यतीत उतरली की फितीबाहेरून ओरडणारे, तेही क्लबचेच. एकाच मैदानावर, एकाच दिवशी आठ वर्षांचे पोर आणि साठीचा गृहस्थ जवळपास एकाच मार्गावर शर्यत करतात, असे खेळ मोजकेच असतील.

सांघिक गुणांचे काय?

काही लीगमध्ये क्लबच्या पहिल्या तीन खेळाडूंचे क्रमांक एकत्र धरून सांघिक निकाल लावतात. तिथे त्रेचाळिसाव्या जागेचा अर्थ बदलतो. क्लबचा पहिला खेळाडू पाचवा आला, दुसरा अकरावा आला, तरी तिसरा साठावा असेल तर बेरीज बिघडते. त्यामुळे आधी पोहोचलेले दोघे धापा टाकत मार्गालगत परत येतात आणि तिसऱ्याच्या नावाने घसा फोडतात.

गुणांचा आणखी एक परिणाम सुरुवातीच्या रांगेवर होतो. लीगमध्ये ज्याचे गुण जास्त, तो पुढच्या रांगेत. नवखा शेवटच्या रांगेत उभा राहतो. शिटी वाजताच सारे जण पहिल्या अरुंद वळणाकडे झेपावतात, तिथे कोंडी होते आणि मागचे अक्षरश: पायउतार होऊन उभे राहतात. तोवर पुढचे ३० सेकंद दूर गेलेले असतात. ही उघड उघड विषमता आहे. हंगामभर नियमित येणाऱ्यालाच पुढची जागा मिळते, असे तिचे समर्थन केले जाते. अमेरिकेत खेळाडूंची कौशल्यानुसार प्रतवारी असल्याने तिथली तक्रार वेगळी असते. वरच्या गटात जायची लायकी असूनही जिंकण्यासाठी खालच्या गटात रेंगाळणाऱ्यांना तिथे मागून बरेच बोलले जाते.

या मंडळींतून विश्वविजेते घडतात का?

क्वचित, पण घडतात. लीड्समध्ये १९९९ साली जन्मलेला टॉम पिडकॉक यॉर्कशरच्या स्थानिक शर्यतींतून पुढे आला. २०१७ मध्ये तो कनिष्ठ गटाचा, २०१९ मध्ये २३ वर्षांखालील गटाचा आणि जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतील फेएटव्हिल येथे वरिष्ठ गटाचा विश्वविजेता झाला. वरिष्ठ पुरुषांत हा मान मिळवणारा तो पहिला ब्रिटिश. अंतिम रेषा त्याने खोगिरावर पालथे पडून, सुपरमॅनसारखा हात पुढे करून ओलांडली. व्हान डर पूलने २०२५ मध्ये फ्रान्समधील लिएव्हँ येथे सातवे विश्वविजेतेपद मिळवून बेल्जियमच्या एरिक डे व्हलेमिंकची बरोबरी केली. पण बारा वर्षांखालच्या शर्यतीची नोंदवही भरणाऱ्या स्वयंसेवकाला यातले काहीच ठाऊक नसते. त्याच्यासमोर फक्त हातमोजे हरवलेले पोर असते.

खेळासमोरचे खरे संकट कोणते?

मैदान. चिखल हा या खेळाचा प्राण आणि तोच त्याचा शत्रू. शंभरेक सायकली एकाच ओळीतून तासभर गेल्या की गवत उखडते, चर पडतात. मैदान बहुधा सार्वजनिक बागेचे, शाळेचे किंवा कुणा जमीनमालकाचे. दुसऱ्या दिवशी कुत्रा फिरवायला आलेल्या नागरिकाला हे दृश्य आवडत नाही, आणि त्याचे चूक आहे असेही म्हणता येत नाही.

याचे टोकाचे उदाहरण जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकेत दिसले. टेक्सासमधील ऑस्टिनच्या झिल्कर पार्कमध्ये राष्ट्रीय स्पर्धा सुरू होती. पावसाने जमीन भिजली. जुन्या संरक्षित वृक्षांच्या मुळांना इजा होईल, या चिंतेने रविवारी, ११ जानेवारीला शहर प्रशासनाने शर्यती थांबवल्या. देशभरातून आलेले खेळाडू थंडीत ताटकळले. वाटाघाटींनंतर बदललेल्या मार्गावर सोमवारी शर्यती झाल्या, पण ज्यांना कामावर परतायचे होते त्यांची विमाने थांबणार नव्हती. पगारी व्यावसायिकाला एक दिवस जास्त राहणे जमते. वर्षभर रजा साठवून आलेल्या हौशी खेळाडूला ते जमत नाही.

राष्ट्रीय स्पर्धेची ही गत, तर स्थानिक क्लबच्या हाती काय असते? ब्रिटनच्या लीगमध्ये एकेका रविवारची शर्यत एकेक क्लब भरवतो. परवानगी, विमा, प्रथमोपचार पथक, नोंदणी, वाहनतळ, चहाची टपरी हे सारे त्यानेच पाहायचे. तीन किलोमीटरच्या मार्गाला दोन्ही बाजूंनी फीत लावायची तर सहा किलोमीटर फीत लागते. दर पाच मीटरला एक खुंटा धरला तर बाराशे खुंटे झाले, आणि ते सगळे शनिवारी हातोड्याने ठोकायचे. वळणे शेजारी शेजारी आखून एकच फीत दोन्हीकडे वापरली, तर काम थोडे हलके होते. एखाद्या क्लबमध्ये हे सारे वर्षानुवर्षे दोघे-तिघेच करत असतात. ते थकले आणि मागे कुणी आले नाही, की लीगच्या वेळापत्रकातील तो रविवार रिकामा राहतो. शर्यतीत भाग घ्यायला माणसे मिळतात, खुंटे ठोकायला मिळत नाहीत, ही जवळपास प्रत्येक आयोजकाची तक्रार. म्हणून काही ठिकाणी हंगामात एकदा तरी मार्गावर झेंडा घेऊन उभे राहण्याची अट खेळाडूंना घातली जाते.

डिसेंबरात यॉर्कशरमध्ये दुपारी पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. शेवटची शर्यत त्याआधी कशीबशी उरकते. बक्षिसे वाटून होतात, गाड्या निघू लागतात. यजमान क्लबचे खेळाडू मात्र घोट्यापर्यंतचा चिखल तसाच ठेवून परत मार्गावर जातात. एक जण खुंटे उपटतो, दुसरा फीत गुंडाळतो, तिसरा फावड्याने चर बुजवत मागून येतो. मैदानाच्या मालकाने सोमवारी सकाळी येऊन पाहिल्यावरच पुढच्या वर्षीची तारीख मागता येणार असते.