रस्ता तशी सायकल

मुलांनो, दिवाळीची सुट्टी जवळ आली की सहलीच्या गप्पा सुरू होतात. आमच्या वर्गात एकदा असाच वाद रंगला. काही मुलांना जळगावहून सायकलने अजिंठ्याची लेणी पाहायला जायचे होते. काहींना सातपुड्यातील पाल हे थंड हवेचे ठिकाण हवे होते. दोन्ही गटांचा प्रश्न मात्र एकच होता : "सर, कोणती सायकल चांगली? बारीक टायरची रेसर, की जाड टायरची डोंगरी?"

मी म्हणालो, "आधी रस्ता ठरवा. मग सायकल ठरेल."

असे का, ते आता पाहू.

रेसर सायकलचा टायर साधारण २३ ते २८ मिलिमीटर रुंद असतो. त्यात हवा खूप असते. दर चौरस इंचाला सुमारे ८० ते १०० पौंड. टायर सारखा दबतो आणि पुन्हा फुगतो, त्यात आपली शक्ती खर्च होते. कडक टायर गुळगुळीत डांबरी रस्त्यावर फारसा दबत नाही, म्हणून शक्ती वाचते. हँडल खाली वळलेले असल्यामुळे अंग पुढे झुकते आणि वाराही कमी अडवतो.

डोंगरी सायकलचा टायर सुमारे २ इंच रुंद आणि खडबडीत असतो. त्यात हवा कमी भरतात. खडी, मुरूम आणि दगड यांवर तो थोडा दबतो, धक्के सोसतो आणि सहसा घसरत नाही. मऊ मातीत तो कमी रुततो. वाळूत चालणाऱ्या उंटाचे रुंद पाऊल आठवा! पण हाच टायर डांबरी रस्त्यावर घरघर आवाज करतो आणि पाय लवकर थकवतो.

आता गिअर. समजा, पुढच्या चक्राला ४८ दाते आहेत आणि मागच्याला १६. पायडल एकदा फिरवले की मागचे चाक तीनदा फिरते. सपाट रस्त्यावर हे ठीक आहे. चढावर मात्र दम लागतो. डोंगरी सायकलवर पुढे २४ आणि मागे ३२ दाते लावता येतात. तेव्हा चाक एक फेराही पूर्ण करत नाही. वेग कमी होतो, पण जोरही कमी लागतो.

मी स्वतः हा धडा जरा महाग शिकलो. कॉलेजात असताना धुळ्याजवळच्या एका खेड्यात माझ्या खाला आजारी होत्या. त्यांचे औषध पोहोचवायचे होते. मी मित्राची रेसर मागून घेतली आणि लवकर पोहोचण्यासाठी शेतातली वाट धरली. आदल्या रात्री पाऊस झाला होता. आपल्या खानदेशची काळी माती! ती चाक आणि ब्रेक यांच्यामध्ये गच्च बसली. चाक फिरेना. शेवटी सायकल खांद्यावर घेऊन चालत गेलो. औषध दिवेलागणीनंतर पोहोचले. खाला काही बोलल्या नाहीत, पण माझी मान खाली गेली. अशा चिखलात जाड टायरनेही हार मानली असती. चूक सायकलची नव्हती. वाट न विचारता निघणाऱ्याची होती.

मग आमच्या सहलीचे काय? अजिंठ्याची लेणी जळगावहून सुमारे ६० किलोमीटर आहेत. वाट बहुतेक सपाट आणि डांबरी आहे. अजिंठ्याचा घाट फर्दापूरच्या पुढे लागतो आणि लेणी त्याच्या अलीकडेच आहेत. म्हणून येथे बारीक टायर बरा. रस्त्याचे काम चालू आहे का, हे मात्र आधी विचारावे. सोमवारी लेणी बंद असतात, हेही लक्षात ठेवावे. पालला जायचे, तर चढ आणि जंगलातल्या कच्च्या वाटा आहेत. तेथे जाड टायर आणि गिअर हवेत.

एवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा हळूच उठला. "सर, माझ्याकडे अब्बांची जुनी काळी सायकल आहे. मी येऊ शकतो का?"

वर्ग शांत झाला. मी म्हणालो, "अवश्य! ती जड आहे, तिला गिअर नाहीत. पण ती मजबूत आहे, तिला कॅरिअर आहे आणि तिची दुरुस्ती कोणत्याही गावात होते. अजिंठ्याला ती नक्की पोहोचेल."

मग मुलांनीच अजिंठा निवडला. नियमही त्यांनीच केला : सर्वांत हळू सायकलच्या वेगाने सर्वांनी चालायचे, आणि लेण्यांजवळ एक रात्र मुक्काम करायचा. पंप आणि पंक्चरचे सामान कोणी घ्यायचे? तो मान काळ्या सायकलच्या कॅरिअरला मिळाला.

शब्दार्थ
मुरूम – बारीक दगडमिश्रित माती
दिवेलागण – संध्याकाळी दिवे लावण्याची वेळ
मान खाली जाणे – लाज वाटणे
हार मानणे – पराभव कबूल करणे

स्वाध्याय
१. डांबरी रस्त्यावर बारीक टायर का बरा?
२. लेखकाची खरी चूक कोणती होती?
३. पुढे ४४ आणि मागे २२ दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक किती वेळा फिरेल?
४. तुमच्या गावाहून जवळच्या एखाद्या ठिकाणी सायकलने जायचे आहे. रस्ता कसा आहे, ते मोठ्यांना विचारून पाच ओळी लिहा.