निरुपयोगी दिसणारी ओळ

ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल, आणि या कर्नलला प्रत्यक्ष उपकरणाशी जोडणारा कोड म्हणजे ड्रायव्हर. त्याची साफसफाई वरवर दुय्यम वाटली, तरी लिनक्समध्ये तिचे परीक्षण फार बारकाईने व्हावे लागते, कारण येथे मांडणी बदलायची असते, वर्तन नव्हे, आणि वर्तनाचा मोठा भाग कोडमध्ये नसून हार्डवेअरमध्ये दडलेला असतो.

पीसीआय बसवरील उपकरणाच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे त्याच्या नियंत्रणासाठी राखलेल्या छोट्या साठवणजागेत, प्रोसेसरने लिहिलेले मूल्य तत्काळ पोहोचेलच असे नाही. वाटेतला ब्रिज ते काही क्षण अडवून ठेवू शकतो आणि प्रोसेसर तोवर पुढच्या कामाला लागलेला असतो. म्हणून जाणता ड्रायव्हरलेखक लेखनानंतर त्याच उपकरणातील एक रजिस्टर वाचतो, कारण त्या वाचनाचे उत्तर येण्यापूर्वी आधीचे लेखन पोहोचलेले असणे बसच्या क्रमनियमांनुसार बंधनकारक असते. वाचलेले मूल्य पुढे कुठेच वापरले जात नाही. त्यामुळे साफसफाई करणाऱ्याला ती ओळ फालतू वाटते आणि तो ती काढून टाकतो. मग उपकरण दहा मायक्रोसेकंद रीसेट अवस्थेत ठेवायचे असेल, तर लेखन पोहोचण्याआधीच ते दहा मायक्रोसेकंद मोजले जाऊ लागतात आणि रीसेट अपुरा राहतो. असा दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही, आणि म्हणूनच तो शोधणे अतिशय जिकिरीचे असते.

दुसरा धोका लिनक्सच्या 2007 मधल्या 2.6.21 या आवृत्तीत आलेल्या, एरवी खरोखर उपकारक ठरलेल्या सोयीतून उद्भवतो. या सोयीमुळे ड्रायव्हरने घेतलेली मेमरी, इंटरप्ट इत्यादी साधने, ड्रायव्हर उपकरणापासून विलग झाल्यावर, घेतल्याच्या उलट क्रमाने आपोआप परत केली जातात. मात्र इंटरप्ट, म्हणजे उपकरणाने प्रोसेसरला दिलेली हाक, या सोयीकडे सोपवून बफर, म्हणजे माहिती तात्पुरती ठेवण्याची मेमरी, हाताने मोकळा करणे तसेच ठेवले, तर बफर आधी जातो, इंटरप्ट नंतर. मधल्या क्षणी हाक आली, तर ती हाताळणारा कोड मोकळ्या झालेल्या मेमरीत हात घालतो.

केवळ नावे किंवा मोकळ्या जागा बदलल्या असतील, तर आधीचा आणि नंतरचा संकलित कोड ताडून खात्री करता येते. क्रम बदलल्यावर तो पुरावा उरत नाही, प्रत्यक्ष उपकरणच लागते. जुन्या कार्डांच्या बाबतीत ते अनेकदा कोणाकडेच नसते, आणि तेथे ओबडधोबड कोड तसाच ठेवून रजिस्टरचे ते फालतू वाटणारे वाचन कशासाठी आहे हे सांगणारी टिप्पणी वर लिहिणे, हीच अधिक उपयोगी साफसफाई होय.