दवाखाना हासुद्धा धंदाच आहे: डॉक्टरने स्वतःसाठी कोणता विमा घ्यावा?

मागच्या व्हिडिओत दुकानाच्या विम्याबद्दल बोलले होते. त्यावर लालबागमधल्या एका तरुण डेंटिस्टने विचारलं, "ताई, मी डॉक्टर आहे. मला यातलं काय लागू पडतं?" प्रश्न साधा वाटला, पण उत्तर लिहायला बसले आणि लक्षात आलं की आपल्या नेहमीच्या वाचकांनाही ते उपयोगी पडेल. दवाखाना चालवणारा डॉक्टर म्हणजे गाळा, मशीनचं कर्ज, एक-दोन माणसं आणि रोजचा गल्ला. दादरला माझं दुकान आहे, माझंही तसंच. फरक एवढाच की माझ्याकडून चूक झाली तर गिऱ्हाईक माल परत आणून देतं. डॉक्टरच्या चुकीला परतीची सोय नाही.

माझे आजोबा परळच्या एका गिरणीत होते. पगार जेमतेम, पण ईएसआयचं कार्ड होतं. आजारी पडले की महात्मा गांधी हॉस्पिटल, आणि सुट्टीतही थोडेफार पैसे हातात. त्याच गिरणगावात आज स्वतःचा दवाखाना टाकणाऱ्या डॉक्टरला यातलं काहीच नाही. पीएफ नाही, भरपगारी रजा नाही. शटर खाली, की कमाई बंद. मग "वेळ आली तर सरकार बघेल" यावर किती विसंबायचं? याचं उत्तर आपल्याच बाजूला, नवी मुंबईत सापडतं.

मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने कोविडशी लढणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचं विमा संरक्षण जाहीर केलं. त्याच सुमारास नवी मुंबई महापालिकेने खासगी डॉक्टरांना नोटिसा दिल्या: दवाखाने उघडे ठेवा, नाहीतर गुन्हा दाखल होईल. एका आयुर्वेदिक डॉक्टरने दवाखाना सुरू ठेवला, आणि जून २०२० मध्ये कोविडने ते गेले. पत्नीने दावा केला तर उत्तर आलं की त्यांची सेवा सरकारने कोविडसाठी अधिकृतपणे मागितलेली नव्हती. मार्च २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टानेही तेच धरलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. डिसेंबर २०२५ मध्ये तिथे निकाल लागला की त्या काळातले आदेश पाहता सेवा मागितली होती असंच मानावं लागेल. पण प्रत्येक कुटुंबाने आपला दावा पुराव्यानिशी सिद्ध करायचा आहेच. म्हणजे फक्त दार उघडायला साडेपाच वर्षं गेली. तेवढ्या काळात घरातलं मूल पाचवीतून दहावीत जातं. मी योजनेला नावं ठेवत नाहीये, पण घराचा किराणा अशा योजनेवर टांगून ठेवता येत नाही, एवढं नक्की.

आता आपल्या डेंटिस्टकडे येऊ. वय ३३, घरखर्च महिन्याला ६० हजार, खुर्ची आणि एक्स-रे मशीनचं १८ लाख कर्ज, एक लहान मुलगी. वर्षाचा खर्च झाला ७ लाख २० हजार. पंधरा वर्षांचा धरला तर १ कोटी ८ लाख, त्यात कर्ज मिळवा. साधारण सव्वा कोटीचा टर्म प्लॅन त्याने घ्यावा. हा ढोबळ हिशोब आहे, महागाई वेगळी. पण "एजंटने सांगितली तेवढी" यापेक्षा नक्कीच बरा. पैसे परत मिळणाऱ्या पॉलिसीच्या मोहात पडू नका. मी पडले होते, हप्ता मोठा आणि संरक्षण चिमूटभर.

टर्म घेताना एक गोष्ट विचाराच: पॉलिसी विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली घेता येईल का? हा कायदा १८७४ चा आहे. विवाहित पुरुषाने पत्नी-मुलांच्या नावे अशी पॉलिसी घेतली, की ती रक्कम सहसा कर्ज देणाऱ्यांच्या हाती लागत नाही. मालकीच्या धंद्यात तुमचं कर्ज आणि तुमचं घर यांच्यात भिंत नसते, म्हणून ही भिंत महत्त्वाची. पॉलिसी घेतानाच तसं नोंदवावं लागतं.

मरणाचा विचार लोक करतात, हाताचा करत नाहीत. डेंटिस्टचा सगळा धंदा उजव्या हाताच्या बोटांत आहे. २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना अपघातात एक हात कायमचा गेला तर १ लाख देते. ती घ्याच, पण त्यात खुर्चीचं कर्जसुद्धा फिटणार नाही. वेगळी अपघात पॉलिसी घ्या आणि तिच्यातला अपंगत्वाचा तक्ता वाचा. एक हात गेला तर बहुतेक ठिकाणी अर्धी रक्कम, आणि एका बोटाला फारच कमी. तात्पुरतं काम बंद पडलं तर दर आठवड्याला किती आणि किती आठवडे, तेही बघा. आणि हो, ही पॉलिसी फक्त अपघाताची. वाकून वाकून मणक्याचा त्रास झाला तर ती कामाची नाही. त्यासाठी सहा महिन्यांचा खर्च बँकेत बाजूला, दुसरा सोपा उपाय माझ्याकडे नाही.

आता खास डॉक्टरांचा विमा: प्रोफेशनल इंडेम्निटी. १३ नोव्हेंबर १९९५ ला सुप्रीम कोर्टाने पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली आणले. २०१९ चा नवा कायदा आल्यावर डॉक्टरांना वाटलं आपण सुटलो, कारण त्यात आरोग्यसेवेचा उल्लेख नव्हता. २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाने आणि पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने ती आशा संपवली. आज जिल्हा आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही. रुग्णासाठी हे चांगलंच आहे, आपणही कधीतरी रुग्ण असतोच. पण तुम्ही निर्दोष ठरलात तरी वकिलाचं बिल येतंच. ही पॉलिसी तोही खर्च उचलते.

तिची एक खुबी नीट समजून घ्या. सहसा उपचार कधी केला यापेक्षा दावा कधी आला याला महत्त्व असतं. तक्रार करायला ग्राहकाकडे दोन वर्षं असतात. समजा आज तुम्ही दाढ काढली, पुढच्या वर्षी नूतनीकरण विसरलात आणि त्यानंतर नोटीस आली. उपचाराच्या दिवशी पॉलिसी होती, तरी हात रिकामे. म्हणून खंड पाडू नका, आणि कंपनी बदलताना जुनी सुरुवातीची तारीख पुढे चालू ठेवली का, हे कागदावर बघा. असिस्टंटच्या चुकीचं संरक्षण आहे का, तेही विचारा. दारू पिऊन केलेलं काम किंवा फौजदारी दंड यात येत नाही. नोटीस आली की पहिला फोन विमा कंपनीला. परस्पर माफी मागून पैसे देऊन टाकलेत, तर कंपनी हात वर करू शकते.

मेडिक्लेमबद्दल थोडक्यात. "आम्हाला कोण बिल लावतं, सगळे ओळखीचे आहेत," असं डॉक्टर मंडळी म्हणतात. ओळखीचा सर्जन फी घेणार नाही, पण खोलीभाडं, स्टेंट आणि औषधं यांना ओळख कळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावर जीएसटी शून्य झालाय, तेवढाच दिलासा. इंडेम्निटीला ही सूट नाही.

आणि फॉर्म स्वतः भरा. डॉक्टर स्वतःच बीपीची गोळी सुरू करतात, कुठे नोंद नसते, आणि फॉर्मवर "काही आजार नाही" असं लिहितात. आयुर्विम्यात पहिली तीन वर्षं कंपनी लपवलेल्या माहितीवरून पॉलिसी रद्द करू शकते. आमच्या डेंटिस्टला हे सांगितलं तेव्हा तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "ताई, शुगर बॉर्डरला आहे." म्हटलं, लिही. हप्ता थोडा वाढेल, वाढू दे.