बैलाचे वाढे आणि घोडीचे आतडे



ऊस विकास विभागाचा माणूस घोड्याच्या आतड्यावर का लिहितो, असे कोणी विचारील. त्याला कारण आहे. फलटण तालुक्यातील धनगर बांधव दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत येतात. जाता-येता आपल्यापैकी बरेच सभासद लेंडीखतासाठी शेतात मेंढरे बसवतात. वाड्याबरोबर सगळा संसार पाठीवर घेतलेली घोडी असतेच. यातली बरीच भीमथडी जातीची. या जातीची स्वतंत्र देशी जात म्हणून राष्ट्रीय नोंद २०२३-२४ मध्ये झाली. आपण मेंढक्याला धान्य देतो, आणि घोडीलाही माणुसकीने टोपलीभर ज्वारी, गूळ, वाढे, बैलाची पेंड टाकतो. हेतू चांगला, पण घोडीचे पोट बैलासारखे नाही. एक घोडी गेली तर मेंढक्याचा संसार वाटेतच अडतो. म्हणून हा लेख.

बैलात आणि घोड्यात फरक काय?

बैलाला चार कप्प्यांचे पोट. खाल्लेला चारा आधी कोठीपोटात जातो, तिथे सूक्ष्म जंतू तो आंबवतात, बैल निवांत रवंथ करतो, आणि मग माल आतड्यात उतरतो. घोड्याचे जठर एकच आणि लहान, साधारण ८ ते १५ लिटरचे. तिथून माल थेट लहान आतड्यात जातो. आंबवण्याची टाकी घोड्यालाही आहे, पण ती लहान आतड्याच्या पुढे. तिला अंधांत्र म्हणतात, आणि त्याला लागून मोठे आतडे. म्हणजे बैलाची टाकी आधी, घोड्याची टाकी नंतर. सगळा फरक इथेच आहे.

आपल्या कारखान्यावरून पाहा. मिलमध्ये आधी रस काढतात आणि उरलेली बगॅस बॉयलरला जाते. घोड्याचे लहान आतडे म्हणजे मिल. दाण्यातला स्टार्च, साखर, प्रथिने, चरबी यांचा बराचसा भाग तिथे निघतो. चोथा अंधांत्रात जातो आणि तिथले जंतू त्यातून ताकद काढून देतात. मिल नीट चालली नाही आणि रस बगॅसमध्येच राहिला तर कारखान्याचे नुकसान होते. घोड्याच्या मात्र जिवावर बेतते.

लहान आतड्याची रचना

मोठ्या घोड्याचे लहान आतडे सुमारे २० ते २५ मीटर लांब, म्हणजे साठ-सत्तर फुटांच्या वर भरते. त्याचे तीन भाग. पहिले आद्यांत्र, जेमतेम एक मीटर, जागेवर घट्ट बसवलेले. यकृताचे पित्त आणि स्वादुपिंडाचा रस इथेच येऊन पडतात. घोड्याला पित्ताशय नसते. त्यामुळे पित्त साठत नाही, ते सारखे झिरपत राहते. घोडा हा दिवसरात्र थोडे थोडे चरणारा प्राणी, त्याला ही सोय बरोबर बसते. दुसरे मध्यांत्र, सगळ्यांत लांब, पातळ पडद्याला टांगलेले आणि पोटात मोकळे हलणारे. तिसरे शेषांत्र, आखूड आणि जाड भिंतीचे, ते अंधांत्राला मिळते.

आतून भिंत मखमलीसारखी असते. त्या बारीक लवेतून पचलेले अन्न रक्तात जाते. गुळातली साखर इथेच फुटते, स्टार्चची साखर इथेच होते, आणि हाडाला लागणारा चुनाही, म्हणजे कॅल्शियम, मुख्यतः इथेच शोषला जातो. पण माल इथे फार वेळ थांबत नाही. एक ते तीन तासांत पुढे सरकतो. शिवाय स्टार्च फोडणारा पाचकरस घोड्यात बेताचाच असतो.

मग बिघडते कुठे?

एक : दाणा. एकदम चार-पाच किलो ज्वारी टाकली तर लहान आतड्याला ती आवरत नाही. न पचलेला स्टार्च अंधांत्रात जाऊन झपाट्याने आंबतो, आम्ल वाढते. पोटशूळ उठतो, नाहीतर खुरांना सूज येऊन घोडी कायमची लंगडते. अडीचशे किलो वजनाच्या तट्टाला एका वेळेला अर्ध्या किलोच्या आत, तोही भरडून, आणि चारा खाल्ल्यावर द्यावा. जास्त द्यायचा तर दिवसात वाटून. गूळ खड्याएवढा ठीक, ढेप नको.

दोन : वाढे. वाढ्यात ऑक्झॅलेट असते, ते चुन्याला बांधून टाकते. बैलाच्या कोठीपोटातले जंतू त्यातले बरेचसे आधीच मोडतात. घोडीच्या बाबतीत ते न मोडता लहान आतड्यात पोचते आणि चुना रक्तात जाऊच देत नाही. एखाद्या दिवसाने काही होत नाही, पण आठवडेच्या आठवडे नुसत्या वाढ्यावर ठेवले तर हाडे पोकळ होतात. वाढ्याबरोबर कडबा किंवा रानातले गवत मिळालेच पाहिजे.

तीन : जनावरांचे तयार खाद्य. युरियाचा बैलाला उपयोग होतो, कारण कोठीपोटातले जंतू त्याचे प्रथिन करतात. घोडीत तो लहान आतड्यातच शोषला जाऊन बहुतेक लघवीवाटे जातो, म्हणजे पैसा वाया. कोंबड्यांच्या आणि काही गुरांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचे औषध घातलेले असते. ते घोड्याला विषच आहे, थोड्यानेही हृदय बंद पडते. पोत्यावरचे लेबल वाचल्याशिवाय घोडीपुढे मूठही टाकू नये.

चार : जंत. शिंगराच्या लहान आतड्यात वीतभर किंवा त्याहून लांब गोल जंत होतात, त्यांचा गोळा होऊन आतडे तुंबते. शिंगराला जंताचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावे. खूप जंत एकदम मेले तरी आतडे अडते.

पोटशूळ कसा ओळखावा?

घोडी वळून वळून कुशीकडे बघते, पुढच्या पायाने जमीन उकरते, लोळते, घामाघूम होते, लीद थांबते. मध्यांत्र मोकळे टांगलेले असल्याने त्याला पीळही पडू शकतो. वाट बंद झाली की पाचकरस मागे जठरात साठतो. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे जठर फुटण्याची भीती असते. म्हणूनच डॉक्टर नाकातून नळी घालून आधी साठलेले पाणी बाहेर काढतात. अशा वेळी आपण नळकांड्याने तेल पाजले तर भरलेल्या घड्यात आणखी ओतल्यासारखे होते. शिवाय ते फुप्फुसात जाण्याचा धोका वेगळाच. खाद्य बंद करावे, घोडी आडवीतिडवी लोळत असेल तर मोकळ्या जागेत न्यावी, आणि ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. आपल्या जिल्ह्यात शिरवळला १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हे ध्यानात असू द्यावे. इथे तासांचा हिशेब असतो. 'सकाळी बघू' म्हणून चालत नाही.

तरी सभासद बंधूंना विनंती, की मेंढरे बसवताना मेंढक्याशी खताचा व्यवहार ठरवाल तेव्हाच घोडीच्या चाऱ्याचेही बोलून घ्या. कडब्याच्या चार पेंढ्या आणि हौदावर पोटभर पाणी, एवढे दिले तरी तिच्या आतड्याला तेच सर्वांत मानवते. खत आपल्या उसाला मिळते. ते आणणारी घोडी धडधाकट आपल्या रानातून पुढे जावी, एवढे पाहणे आपल्याकडे लागते.