निळा रंग नसलेला नीलकंठ

दसऱ्याला नीलकंठ दिसला की वर्ष चांगलं जातं, असं आपल्याकडे मानतात. नागपुरात सदरहून काटोल रोडने गोरेवाड्याकडे निघालं की हा पक्षी एखाद्या तारेवर बसलेला दिसू शकतो. बसलेला असताना अगदी मातकट, कुणी दोनदा बघणार नाही असा. पण उडाला की पंखांतले गडद आणि फिकट निळे पट्टे असे झळकतात, की पाहणारा जागीच थबकतो. आणि नवल म्हणजे त्या पंखात निळ्या रंगद्रव्याचा एक कणही नसतो!

असं निळं पीस कुटून त्याचा भुगा केला, तर निळाई पार नाहीशी होते. मग ती येते कुठून?

पीस बनतं केराटिनचं, म्हणजे आपल्या नखांसारख्याच द्रव्याचं. नीलकंठाच्या पिसात या केराटिनला अनारशासारखी जाळी पडलेली असते, फक्त तिची छिद्रं केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पटींनी बारीक. ऊन या जाळीत शिरलं की निळ्या लहरी एकमेकींना जोर देत परत फिरतात. बाकीच्या आत जातात आणि खालच्या मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्यात विरतात. थोडक्यात, इथे रंग भरलेला नाही, बांधलेला आहे.

या निळाईची भुरळ चंद्रशेखर वेंकट रामन यांनाही पडली होती. १९१०च्या सुमारास ते वित्त खात्यातले अधिकारी म्हणून नागपुरात होते. पुढे १९३० साली नोबेल मिळालं, आणि १९३४ मध्ये इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात त्यांनी पक्ष्यांच्या पिसांच्या रंगांवर निबंध लिहिला. त्यात तपासलेल्या पिसांमध्ये आपल्या नीलकंठाची पिसं होती!

मग पक्ष्याचा रंग ठरवण्यात जनुकं काय करतात? उत्तर पाळीव पक्ष्यांच्या दुकानात आहे. लव्हबर्ड म्हणून आपण घरी आणतो ते चिमुकले पोपट पुष्कळदा बजरिगार असतात. मूळ ऑस्ट्रेलियाच्या रानात ते हिरवे. पिंजऱ्यात मात्र हिरव्याशेजारी निळेही दिसतात. हा हिरवा म्हणजे पिसाच्या बांधणीतून आलेला निळा आणि त्यावर पिवळं रंगद्रव्य. ते पिवळं बनवणारं जनुक २०१७ मध्ये सापडलं. निळ्या पक्ष्यात त्या जनुकातलं फक्त एक अक्षर बदललेलं निघालं. पिवळं बनेनासं झालं आणि मुळातच असलेलं निळं उघडं पडलं. जनुकांच्या एवढ्या मोठ्या पोथीत एक अक्षर फिरलं आणि अख्खा पक्षी दुसऱ्या रंगाचा झाला!

रंगातलं जनुकांचं काम पाहिलं, आता गाणं. एप्रिलच्या उन्हात सदरच्या जुन्या बंगल्यांतल्या झाडांवरून कुहूकुहू करतो तो नर कोकिळ. हा वाढला कुठे? कावळ्याच्या घरट्यात. बालपणभर कानांवर कावकाव, आणि वयात आल्यावर गळ्यातून निघतं कुहू! ते कुणी शिकवलं? कुणीच नाही. हे गाणं तो जन्मतःच घेऊन येतो.

दयाळाच्या कुळाची गोष्ट याच्या अगदी उलट. या गाणाऱ्या पक्ष्यांच्या पिल्लांना मोठ्यांचं गाणं ऐकावं लागतं, मग पुटपुटत, चुकत, पुन्हा जुळवत ते गळ्यावर चढवावं लागतं. ऐकायलाच मिळालं नाही, तर गाणं कधी नीट बसत नाही. जनुकं इथे शिकण्याची ताकद देतात, तयार गाणं देत नाहीत.

ही ताकद असते तरी कशात? २००७ मध्ये शास्त्रज्ञांनी झेब्रा फिंच या गाणाऱ्या पक्ष्याच्या पिल्लांच्या मेंदूच्या एका भागात फॉक्सपी-टू या जनुकाचं काम मंद केलं. पिल्लांना मोठ्यांचं गाणं अर्धवट, चुकतमाकतच उतरवता आलं. आणि हे जनुक आधीच प्रसिद्ध होतं! २००१ मध्ये इंग्लंडमधल्या एका कुटुंबात त्यातला बिघाड सापडला होता. त्या माणसांना शब्द उच्चारताना जिभेची आणि ओठांची हालचाल जुळवता येत नव्हती.

आपली आणि पक्ष्यांची वंशशाखा वेगळी होऊन सुमारे तीस कोटी वर्षं झाली. तरी ऐकलेलं आपल्या तोंडून उमटवायचं, तर बोबडं बोलणाऱ्या पोराला आणि तान घोटणाऱ्या पिल्लाला साथ लागते ती त्याच एका जनुकाची!