विमा नसलेला ट्रॅक्टर आणि आपला सातबारा

सभासद बंधू-भगिनींनो,

गळीत हंगाम तोंडावर आला की आम्ही शेतकी खात्याची मंडळी ऊस वाहतुकीचे करारनामे करण्यासाठी गावोगाव फिरतो. ट्रॅक्टरचे आर.सी. बुक मागितले की ते पेटीतून निघते. ड्रायव्हरचे लायसन मागितले की ते खिशातून निघते. विम्याचा कागद मागितला की मात्र बऱ्याच ठिकाणी चहा येतो! रिसोड भागातील एका जुन्या सभासदाने तर आम्हालाच विचारले, "साहेब, टॅक्टर आपलं, वावर आपलं, मंग इन्शुरन्स कायले पाह्यजे?" प्रश्न सरळ होता. त्याचे उत्तर सर्वांच्याच कामाचे असल्याने येथे देत आहोत.

बैलगाडीला विमा लागत नाही हे खरे, कारण कायद्याच्या दृष्टीने ती मोटार वाहन नाही. ट्रॅक्टर मात्र आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १४६ प्रमाणे सार्वजनिक जागी चालणाऱ्या प्रत्येक मोटार वाहनाला तृतीय पक्षाचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे जे नुकसान होईल त्याचा विमा असलाच पाहिजे. काही सरकारी वाहनांना त्यातून सूट आहे, शेतीच्या ट्रॅक्टरला नाही. वावराच्या धुऱ्यावरून चाक रस्त्यावर आले की हा नियम लागू झाला.

पोलिसांनी अडवले तर काय होते?

विमा नसेल तर कलम १९६ लागते. पहिल्या गुन्ह्याला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास कैद तेवढीच, पण दंड ४,००० रुपये. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी हा दंड १,००० रुपयांपर्यंत होता. व्यवहारात बहुतेक वेळा दंडाचे चलन होऊन प्रकरण मिटते. पण एक ध्यानात ठेवा. हे कलम जो चालवतो त्याच्यावर आहे, तसेच जो चालवू देतो त्याच्यावरही आहे. मुलगा मोटारसायकल घेऊन बाजाराला गेला किंवा ड्रायव्हर ट्रॅक्टर घेऊन निघाला, तरी घरी बसलेला मालक सुटत नाही.

विमा नसणे वेगळे आणि कागद जवळ नसणे वेगळे. विमा चालू आहे पण कागद घरी राहिला, तर घाबरण्याचे कारण नाही. मोबाईलवरील डिजिलॉकर किंवा एम-परिवहन यांतील कागद पोलिसांना चालतो. तेही नसेल तर १५ दिवसांत कागद सादर करण्याची सोय नियमात आहे. शांतपणे तसे सांगावे, हुज्जत घालू नये.

ट्रॉलीचा विसर

कायद्याच्या व्याख्येत ट्रॉली हेही मोटार वाहनच आहे. तिची नोंदणी वेगळी आणि विम्यातही तिचा उल्लेख वेगळा लागतो. मागे आमच्या गटातील एक भरलेला ट्रॅक्टर रात्री अडवला गेला. ट्रॅक्टरचे कागद चोख होते, पण गावातच बनवून घेतलेल्या ट्रॉलीची नोंदणीसुद्धा नव्हती. विना नोंदणीचे वाहन अडकवून ठेवण्याचा अधिकार पोलिसांना कलम २०७ ने दिलेला आहे. ऊस दोन दिवस जागेवर उभा राहिला. तोडलेला ऊस उभा राहिला की वजन घटते आणि उताराही घटतो, हे आपणांस आम्ही सांगायला नको. टोळी बसून राहिली ते वेगळेच.

खरा फटका पुढे आहे

बंधूंनो, २,००० रुपये भरून माणूस घरी येतो आणि म्हणतो, "चला, सुटलो." खरे तर पोलिसांनी अडवले हे त्याचे नशीबच म्हणायचे. अडवले नसते आणि पुढच्या वळणावर अपघात झाला असता तर?

समजा, अंधारात उभ्या केलेल्या बिना रिफ्लेक्टरच्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळली आणि ३० वर्षांचा मजूर दगावला. चूक आपली ठरली. त्याची कमाई महिना १२,००० रुपये धरू, म्हणजे वर्षाला १,४४,०००. पुढे कमाई वाढली असती म्हणून न्यायालय त्यात ४० टक्के मिळवते, झाले २,०१,६००. घरात खाणारी चार माणसे असतील तर त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, राहिले १,५१,२००. या वयाला गुणक १७. गुणाकार होतो २५,७०,४०० रुपये. अंत्यविधी वगैरे बाबी आणि व्याज याखेरीज. हा हिशेब आमच्या मनाचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिलेली ही रीत आहे.

विमा असेल तर ही रक्कम कंपनी भरते. नसेल तर मालकाने भरायची. मालक भरत नसेल तर कलम १७४ आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखला पाठवते आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. जमीन महसुलाची थकबाकी म्हणजे काय, हे शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. नोटीस, जप्ती, आणि शेवटी जमिनीचा लिलाव. शिवाय अपघातातले विना विम्याचे वाहन पुरेशी हमी दिल्याशिवाय सोडू नये आणि हमी न मिळाल्यास ते विकून पैसे न्यायाधिकरणात भरावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले आहे. म्हणजे ट्रॅक्टर गेला आणि वावरही गेले.

दुसरी बाजूही पाहावी. मेलेला मजूर आपल्याच पंचक्रोशीतला असतो. मालकाकडे पैसा नाही आणि विमाही नाही, तर त्याच्या लेकरांनी वर्षानुवर्षे कोर्टाचे हेलपाटे घालायचे काय?

या चुका टाळा

१) भाड्याने ऊस वाहायचा असेल तर विमा काढतानाच तसे स्पष्ट सांगा. फक्त स्वतःच्या शेतीकामाची पॉलिसी असेल आणि ट्रॅक्टर भाड्याने चालला, तर कंपनी हात वर करू शकते, किंवा आधी भरून मागून आपल्याकडून वसूल करू शकते.

२) ट्रॅक्टरच्या मडगार्डवर आणि उसाच्या भाऱ्यावर माणसे बसवू नका. साध्या पॉलिसीत त्यांची जबाबदारी येत नाही.

३) गाडी विकली तर नाव बदलल्याशिवाय राहू नका. इसार घेतला, गाडी दिली, पण आर.सी. वर नाव आपलेच, तर भरपाई आपल्याच गळ्यात. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले आहे.

४) सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारसायकलीला तृतीय पक्षाचा विमा ५ वर्षांचा मिळतो. त्यामुळे सहाव्या वर्षी हमखास विसर पडतो. तारीख पाहून घ्या.

५) अपघात झाल्यावर धावत जाऊन पॉलिसी काढण्यात अर्थ नाही. पॉलिसीवर तारखेबरोबर वेळही छापलेली असते.

तरी सर्व सभासदांना विनंती की, मोळी पडण्यापूर्वी ट्रॅक्टर, ट्रॉली आणि घरची मोटारसायकल, तिन्हींचे कागद काढून विम्याची शेवटची तारीख घरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवावी. तारीख हंगामाच्या मध्येच संपत असेल तर आधीच नूतनीकरण करावे. कागद वाचता येत नसेल किंवा शंका असेल, तर गटाच्या शेतकी कार्यालयात घेऊन यावा. आम्ही वाचून सांगू. बेण्याला आणि खताला आपण आधी पैसे घालतो, पीक मागून येते. विम्याचे पैसेही तसेच आधी घालायचे असतात. फरक एवढाच की, यातून पीक कधीच येऊ नये, अशीच आपण प्रार्थना करायची.

आपला,
ऊस विकास अधिकारी